घरचा क्लाउड जुन्या मिनी पीसीवर: बाकी सगळं झकास, पण आधी तो सेल बदला

घरभराचे फोटो-फाईली सांभाळणारा, सतत चालू असलेला घरचा सर्व्हर बंद पडला तो डिस्कमुळे नाही, डॉकरमुळे (ॲप वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारी प्रणाली) नाही. मदरबोर्डवरच्या सीआर-२०३२ या बटणाएवढ्या सेलमुळे पडला. कोल्हापुरात महाद्वार रोडला कुठल्याही घड्याळवाल्याकडे चाळीस-पन्नास रुपयांत मिळतो तोच. दहा हजारांच्या आसपासचं यंत्र, त्यावर घरभराचे फोटो, आणि लाईट जाऊन आली की हे पुन्हा उठतच नाही. विकणाऱ्याचं उत्तर ठरलेलं: "सेल वॉरंटीत येत नाही, साहेब." वर्षाची वॉरंटी सांगताना हे कुणी बोलत नाही.

यंत्र नेहमीचंच. सातव्या पिढीचा आय-५, ३५ वॅटवाला 'टी' प्रोसेसर, १६ जीबी रॅम, एनव्हीएमई या वेगवान डिस्कवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि डेटाबेस, अडीच इंची खणात २ टीबीची एसएसडी. विंडोज ११ अधिकृतपणे मुख्यतः आठव्या पिढीपासून पुढं चालतं, विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून ऑफिसांनी ही यंत्रं ढिगानं बाहेर काढली. लिनक्सला त्याचं सोयरसुतक नाही. काम नसताना साधारण १० वॅट, म्हणजे महिन्याला सात-साडेसात युनिट. १०० युनिटच्या पुढं दराचा टप्पा बदलतो. बिल आधीच त्या काठावर असेल तर एवढा हिशोब धरा.

आता सेल. यंत्राला वीज नसताना घड्याळ आणि सेटिंग तोच जपतो. यंत्र प्लगला लावलेलं असतं तोवर घड्याळ अडॅप्टरवरच चालतं, सेल खर्च होत नाही. गोदामात प्लगविना पडून राहिलं की सगळा भार सेलवर. सेलची क्षमता साधारण २२० मिलीअँपिअर-तास, घड्याळाला लागतात पाचेक मायक्रोअँपिअर. भागाकार केला तर पाच वर्षं निघतात. २०१७ च्या सुमाराचं यंत्र आणि मधली पडीक वर्षं धरली तर सेल संपत आलेला असणारच. पुसून, नवा रॅम घालून, स्टिकर लावून विकायला ठेवणाऱ्यानं चाळीस रुपये वाचवले, एवढाच याचा अर्थ.

सेल मेला की लाईट जाताच बायोस (यंत्र सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) मूळ सेटिंगवर जातो. मग यंत्र एकतर सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊन "तारीख-वेळ चुकीची, एफ-१ दाबा" म्हणत थांबतं. मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही, दाबणार कोण? एखाद्या बोर्डावर ते तसंच पुढं सुरू होतं, आणि तिथं दोष ओळखणं जास्त अवघड. डेबियनची वेळ-सेवा शेवटची नोंदवलेली वेळ धरून चालू होते, त्यामुळे तारीख थेट २०१७ दिसत नाही; घड्याळ फक्त तास-दोन तास मागं राहतं. नेट आलेलं नसेल तर ते तसंच राहतं. लक्षण असं की पासवर्ड बरोबर असूनही नेक्स्टक्लाउड (फाईली ठेवायचं घरचं ॲप) मोबाईलवरचा सहा आकडी कोड नाकारतो, कारण तो कोड दर ३० सेकंदांना वेळेवरूनच बनतो. लोक पासवर्ड बदलत बसतात.

तपासायचं असं: यंत्र नीट बंद करा, अडॅप्टर काढून पंधरा मिनिटं थांबा, नेटची वायर न लावता सुरू करा आणि 'एचडब्ल्यूक्लॉक' ही आज्ञा चालवून मदरबोर्डच्या घड्याळाची वेळ बघा. मल्टिमीटर असेल तर सेल बाहेर काढून मोजा. नवा ३ व्होल्टच्या वर असतो, २.८ च्या खाली आला की बदला. काही मॉडेलांत उघडी खाच असते, काहींत सेल दोन वायरींच्या छोट्या कनेक्टरवर गुंडाळलेला असतो. दुसरा प्रकार असेल तर आधी फोटो काढून मग दुकानात जा, नुसता सेल आणून भागत नाही. बदलल्यावर बायोसमध्ये वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) भरा, कीबोर्ड नसताना थांबण्याचा पर्याय बंद करा, आणि वीज गेल्यानंतरच्या वर्तनात 'पॉवर ऑन' निवडा. 'लास्ट स्टेट' नको. यूपीएसच्या इशाऱ्यावर सर्व्हर नीट बंद झाला असेल तर त्याची शेवटची अवस्था 'बंद' हीच असते, आणि लाईट आल्यावर तो इमानदारीत बंदच राहतो.

यूपीएस घेताना मागं यूएसबी पोर्ट आहे का तेवढं बघा. साध्या ६०० व्हीएच्या बऱ्याच डब्यांना तो नसतो. मग बॅटरी संपत आल्याचं सर्व्हरला कळत नाही आणि पोस्टग्रेस डेटाबेस चालू असतानाच वीज तुटते. पोर्ट असेल तर 'नट' (यूपीएसचे इशारे ऐकणारा प्रोग्राम) बसवा, पण बंद होताना यूपीएसलाही आउटपुट तोडायची आज्ञा जाईल अशी रचना करा. नाहीतर सर्व्हर बंद झाला आणि तेवढ्यात लाईट आली, तर वीज गेल्याचं त्याला कळलेलंच नसतं, आणि 'पॉवर ऑन' लावूनही तो झोपून राहतो.

डिस्क एफएसटॅबमध्ये (डिस्क जोडण्याची यादी असलेली फाईल) यूयूआयडीनं, म्हणजे तिच्या कायमच्या ओळख-क्रमांकानं, आणि 'नोफेल'सह (डिस्क नसली तरी यंत्र सुरू होऊ दे) लावा. पण मग डिस्क जोडली गेली नाही तरी डॉकर सुरू होतो आणि रिकाम्या फोल्डरमध्ये लिहायला लागतो. उपाय: डिस्क जोडलेली नसताना त्या फोल्डरला 'सीएचएटीटीआर' या आज्ञेनं न बदलता येणारा करून ठेवा.

बाहेरून जोडणी: राउटरमधला वॅन आयपी (नेटच्या बाजूचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ मधला दिसला की तुम्ही सीजीनॅटमागं आहात, म्हणजे एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. पोर्ट फॉरवर्डिंगवर (बाहेरून थेट आत वाट काढण्यावर) वेळ घालवू नका. क्लाउडफ्लेअरचा बोगदा सोपा, पण फुकट योजनेत एका विनंतीला १०० एमबीची मर्यादा. नेक्स्टक्लाउड फाईल तुकड्यांत पाठवतं म्हणून निभावतं. इमिच (फोटो-व्हिडिओंचं ॲप) व्हिडिओ अखंड पाठवतं आणि लग्नातला मोठा व्हिडिओ तिथंच अडकतो. टेलस्केल (आपल्याच यंत्रांना जोडणारं खासगी जाळं) ठेवा. घरच्यांच्या फोनवर एक ॲप जास्त, एवढाच त्रास.

नेक्स्टक्लाउडबद्दलचं मत मात्र बदललं. सुरुवातीला दोन तारे ठरवले होते, इतकं ते रेंगाळत होतं. पार्श्वभूमीची कामं 'अजॅक्स'वरून (पान उघडलं की चालणारी) क्रॉनवर (ठरल्या वेळी आपोआप चालणारी), दर पाच मिनिटांना, फाईल-कुलुपांसाठी रेडिस हा मेमरीतला साठा, नेक्स्टक्लाउड ज्यात लिहिलंय त्या पीएचपीची मेमरी ५१२ एमबी, थंबनेल रात्रीच बनवून ठेवणारं जोड-ॲप. एवढं केल्यावर तेच यंत्र पळायला लागलं. आता चार तारे. पाचवा नाही, कारण मोठी आवृत्ती ओलांडून उडी मारता येत नाही; एकेक पायरी चढायची आणि प्रत्येक पायरीआधी बॅकअप.

फोटोंना इमिच लई भारी. पण आधीपासून असलेलं शोधाचं मॉडेल इंग्रजीवर शिकलेलं आहे, तिथं "रंकाळ्यावर भेळ" टाकून काही हाती लागत नाही. सेटिंगमध्ये एनएलएलबी-क्लिपपैकी एखादं बहुभाषिक मॉडेल घाला आणि शोधाचं काम सगळ्या फोटोंवर पुन्हा चालवा. त्यानंतर मराठीत शोध लागतो. प्रोसेसर बराच वेळ शंभर टक्क्यांवर राहील, म्हणून एका वेळी एकच काम ठेवा.

बॅकअप रेस्टिक या प्रोग्रामनं, यूएसबी डिस्कवर. इथंही घड्याळ नडतं: जुनी तारीख लागलेली नोंद छाटणीत (जुने बॅकअप पुसताना) जुनीच समजली जाते आणि ताजा बॅकअप आधी उडू शकतो. म्हणून वेळ जुळल्याशिवाय बॅकअप सुरूच होऊ नये असं सिस्टमडीत (लिनक्समध्ये सेवा सुरू करणारी यंत्रणा) बांधा.

दुसरी डिस्क घराबाहेर हवीच. पंचगंगेच्या पुरानं २०१९ आणि २०२१ ला काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३ फूट; नदी ३९ ला गेल्यावर डिस्क उचलायला धावण्यात अर्थ नाही, तेव्हा घरात उचलायला बाकी पुष्कळ असतं. मे अखेरीस एकदा रेस्टिकचा 'चेक' डेटा वाचण्याच्या पर्यायासह पूर्ण चालवा, डिस्क सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद डब्यात घाला आणि उंचावर राहणाऱ्या पाव्हण्यांकडे द्या. डिस्क कूटबद्ध असते, पाव्हण्यांना फोटो दिसत नाहीत. पासवर्ड मात्र कागदावर लिहून वेगळ्या घरी ठेवा. तो हरवला तर रेस्टिककडे मागचं दार नाही.