वजन कमी करायचं म्हणून इन्सुलिन विकलं

सोलापुरात ट्रान्सपोर्टच्या गाळ्यांवर, पंपांवर एक माणूस फिरतो. पांढरा एप्रन, गळ्यात स्टेथोस्कोप, सोबत वजनकाटा आणि शुगर तपासायचं मशीन. मागे फ्लेक्स: "ड्रायव्हर बांधवांसाठी मोफत आरोग्य शिबिर". वजन कमी करायचं म्हणून त्याने दिलेल्या इंजेक्शनच्या पेनमुळे हैदराबाद रोडला माझ्यासोबत आणखी चार-दोघांचा जीव गेला असता. लाईनवरच्या मंडळींनी हे वाचा आणि न वाचणाऱ्यांना सांगा.

माणूस बोलायला गोड. "काका, पोट स्टेअरिंगला लागायलंय की!" सगळे हसले. खोटं काय होतं त्यात? दिवसभर बूड सीटवर, रात्री अकराला ढाब्यावर तेलाचा तवंग आलेला रस्सा, आणि लगेच केबिनमध्ये आडवं. वरून मला शुगर. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनच्या गोळ्या चालू आहेत, हे मी त्याला आधीच सांगितलं. "मग तर एका सुईत दोन कामं," म्हणाला. तरी मी का-कू करतोय म्हटल्यावर त्याने लायसन्सचा धाक घातला. "आता रिन्यूअलला वजन बघतात, काका." हे साफ खोटं. ट्रान्सपोर्ट लायसन्स पाच वर्षांनी रिन्यू होतं, त्याच्या मेडिकल फॉर्ममध्ये नजर, रंग ओळखणं, ऐकू येणं, हातपाय असलं बघतात. पोट नाही. पण लायसन्सचं नाव काढलं की ड्रायव्हरच्या पोटात गोळा येतोच, आणि हे त्याला पक्कं ठाऊक.

४,००० रुपये स्कॅन करून घेतले. समोर नाव आलं ते कुठल्या मेडिकलचं नव्हे, एका माणसाचं. बिल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो म्हणाला, ते आजतागायत आलेलं नाही. पेन प्लास्टिकच्या पिशवीत, वितळत आलेल्या बर्फात. "केबिनमध्ये ठेवलं तरी चालतं," असंही वर. मे महिन्यातल्या सोलापुरात! बाहेरच बेचाळीस-त्रेचाळीस अंश असतात, डॅशबोर्डचं तर विचारूच नका.

पेनवर नाव ओझेम्पिकचं, म्हणजे शुगर आणि वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइड या औषधाचं. लेबलचा एक कोपरा फुगलेला, खाली हवेचा बुडबुडा. "वीस नंबरपर्यंत फिरवा, पोटाला टोचा, आणि रात्रीचं जेवण टाळा." त्याने सांगितलं तसं केलं आणि माल भरून निघालो.

नळदुर्गच्या अलीकडेच घाम फुटला. एसी नसलेल्या केबिनमध्ये घामाचं कौतुक नाही, पण हा घाम गार होता. हात थरथरायला लागले, रस्त्यावरचा पांढरा पट्टा एकाचे दोन दिसायला लागले. माझा किन्नर, म्हणजे गाडीचा क्लीनर, ओरडला, "मामा, गाडी कुठं चाललीय?" कशीबशी साईडला घेतली. पोराने डोकं चालवलं. चहासाठी ठेवलेली साखर मूठभरून माझ्या तोंडात घातली आणि दुसऱ्या गाडीत टाकून दवाखान्यात नेलं. शुगर ४१. सत्तरच्या खाली गेली की धोका सुरू होतो, म्हणजे बघा. ग्लिमेपिराइडही अंगात असल्याने ती वर येऊन पुन्हा घसरत होती. रात्रभर ग्लुकोजची बाटली लावून ठेवलं.

किन्नराने पेन बरोबर आणलं होतं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी नखाने लेबल सोललं. खाली दुसरं लेबल, त्यावर इन्सुलिनचं नाव. त्यांनी खिडकीतले आकडे दाखवले: दोन, चार, सहा... वीस. हे इन्सुलिनचे युनिट. ओझेम्पिकच्या पेनमध्ये ०.२५, ०.५ असे मिलीग्रॅमचे आकडे असतात, वीस नंबर त्यात असूच शकत नाही. म्हणजे मी रिकाम्या पोटी वीस युनिट इन्सुलिन घेऊन लोडेड गाडी हायवेला काढली होती. हा प्रकार बाहेरच्या देशांतही झालाय. ऑस्ट्रियात २०२३ मध्ये अशाच नकली पेनमुळे लोकांची शुगर उतरून त्यांना दवाखान्यात भरती करावं लागलं, आणि जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नकली सेमाग्लुटाइडबद्दल जगभर इशारा दिला.

मॅडमना मी सरळ विचारलं, खरं औषध आमच्यासारख्यांनी घ्यायचं की नाही? घेता येतं, म्हणाल्या, पण डॉक्टरच्या चिठ्ठीवर, मेडिकलमधून, पक्क्या बिलासकट. सेमाग्लुटाइड आठवड्यातून एकदाच, सुरुवात ०.२५ ने, महिनाभर तेवढंच. माझ्यासारखं ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर खऱ्या औषधानेही शुगर खाली जाऊ शकते, म्हणून त्या गोळीचा डोस डॉक्टरकडून आधी ठरवून घ्यायचा. मळमळ, उलट्या, जुलाब सुरुवातीला आणि डोस वाढवताना जास्त होतात. तेव्हा पहिली सुई आणि प्रत्येक वाढीव डोस सुट्टीला घरी असतानाच. पाणी मात्र पीत राहायचं. संडास लागेल म्हणून पाणी न पिता गाडी हाणायची आपली सवय या औषधावर चालत नाही. पोटात जोरात दुखून कळ पाठीत गेली आणि थांबेना, तर गाडी लावून थेट दवाखाना. न उघडलेलं पेन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, बर्फाला चिकटवून नाही, कारण गोठलं की ते वाया. उघडलेलंही ३० अंशांच्या वर न्यायचं नाही. उन्हाळ्यात आपली केबिन यातून बादच. माझं म्हणाल तर लांबच्या ट्रिपला पेन न्यायचंच नाही. सुईचा वार असा ठरवायचा की त्या दिवशी आपण घरी असू.

पैशांसाठी सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाईनवर तक्रार केली, पेन अन्न व औषध प्रशासनाकडे दिलं. त्या माणसाचा फोन बंद आहे. काल मात्र अक्कलकोट रोडच्या एका पंपावर तसलाच फ्लेक्स दिसल्याचं एकाने सांगितलं. कुणाकडे त्याचं पेन असेल तर टोचू नका आणि रागाने फेकूनही देऊ नका. लेबल न सोलता, डबी आणि पेमेंटच्या स्क्रीनशॉटसकट जपून ठेवा. प्रशासनाला पुरावा म्हणून तेच लागतं.