रोटरी कटर, मॅट, वॉकिंग फूट आणि कापड: आठ महिन्यांच्या वापरानंतर

निकाल आधीच सांगते. रोटरी कटर (गोल, फिरत्या पात्याचं कापायचं हत्यार), मापाची ॲक्रिलिकची पट्टी आणि खाली अंथरायचं मॅट ही तिन्ही एकत्र असतील तरच कामाची; एकटं कटर घेऊन काही होत नाही. वॉकिंग फूट (फूट म्हणजे मशीनचा कापड दाबणारा भाग; हा वरचा थरही पुढे सरकवतो) फक्त गोधडीचे तीन थर, म्हणजे वरचं कापड, मधलं भरण आणि खालचं अस्तर, एकत्र शिवताना लागतो, पण तिथे त्याला तोड नाही. आणि या काळात जे बिघडलं ते बहुतेक कापडामुळे, हत्यारांमुळे फार थोडं. वापर असा: दोन छोट्या गोधड्या, एक दुपटं, उशांचे अभ्रे, अस्तर लावलेल्या पिशव्या. मशीन साधं घरगुती.

कटर ४५ मिमी पात्याचं आहे. २८ मिमीचं गोलाई कापायला बरं आणि ६० मिमीचं जाड थरांना, पण एकच घ्यायचं तर ४५. सुती कापडाचे चार थर स्वच्छ कापतं. त्यापुढे वरचा आणि खालचा थर एका मापाचा राहत नाही, म्हणून सहा-आठ थर कापता येतात या जाहिरातीकडे लक्ष देऊ नये. पात्याखाली टाचणी आली की पातं मोडत नाही, त्याला बारीक खाच पडते. मग कापलेल्या रेषेवर ठरावीक अंतराने एखादा धागा न कापता राहतो. हे अंतर मोजून पाहावं: ४५ मिमी पात्याचा घेर साधारण १४ सेंमी भरतो, म्हणून दर १४ सेंमीला धागा राहत असेल तर दोष खाचेचाच, पातं बदलायला हवं. सगळीकडेच ओढल्यासारखं कापत असेल तर आधी पातं सोडवून आतला कापूस पुसा, मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या. निम्म्या वेळा तेवढ्यानेच भागतं. नट फार आवळला तरी पातं फिरत नाही, घासत जातं. जुनी पाती डब्यात वेगळी ठेवून कागद कापायला वापरावीत. कटर हातातून खाली ठेवताना पातं झाकायचंच, दर वेळी.

पट्टी ६ × २४ इंची. कापडाची एक घडी घातली की ४४ इंची पन्हा २२ इंच होतो, म्हणून २४ इंचाची लांबी. १२ इंची पट्टीने कापड चार थरांत कापावं लागतं आणि घडीपाशी कापलेल्या पट्टीला बाक येतो. उलगडल्यावर सरळ पट्टीऐवजी रुंद व्ही दिसतो. एका घडीतही हे होतं, घडीची कड पट्टीच्या आडव्या रेषेवर नेमकी बसवली नाही तर. दर तीन-चार पट्ट्यांनंतर कापलेली कड पुन्हा काटकोनात करून घ्यावी. पट्टी सरकू नये म्हणून खाली सँडपेपरच्या टिकल्या चिकटवल्या, आणि बोटं पसरून करंगळी पट्टीच्या बाहेरच्या कडेला टेकवली की काम होतं. माप मॅटवरच्या रेषांनी घेऊ नका, पट्टीच्या रेषांनी घ्या. दोन्ही नेहमी तंतोतंत जुळतातच असं नाही.

मॅटबद्दल एकच तक्रार: उष्णता त्याला अजिबात सोसत नाही. त्यावर इस्त्री नको, गरम कप नको, उन्हातल्या खिडकीशी उभं करून ठेवणं नको. एकदा वाकलं की पूर्ण सपाट होणं कठीण. एकाच रेषेवर रोज कापलं तर चर पडतो, म्हणून मॅट अधूनमधून फिरवावं. चरात अडकलेला कापूस साध्या खोडरबरने निघतो.

आता कापड. घट्ट, साध्या विणीचं शंभर टक्के सुती, वजन चौरस मीटरला साधारण १४० ग्रॅमच्या आसपास, हे नवशिक्यासाठी सगळ्यात सोपं. इस्त्रीची घडी धरतं, घसरत नाही, सुई सहज जाते. पॉलिकॉटन (पॉलिस्टर आणि सुती मिश्र) वापरून पाहिलं. इस्त्रीने दाबलेली माया (शिवणीबाहेर सोडलेली कड) पुन्हा उचलून उभी राहते, टीप आक्रसते आणि पाच-सहा धुण्यांनंतर घासल्या जागी गोळे येतात. रेयॉन हातातच लोंबतं, चौकोन चौकोन राहत नाही. विरळ विणीचं सुती दिसायला फार छान, पण पाव इंचाच्या मायेत ते धुण्यात उसवतं आणि शिवण उघडते. वापरायचंच असेल तर माया तीन सूत ठेवावी (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). जीन्सचं जाड कापड पातळ सुतीशेजारी जोडू नये. जोडावर गाठ येते आणि पातळ बाजू आधी फाटते. अस्तराला चादर वापरायची असेल तर दाट विणीची टाळा. सुईला ती जड जाते, आणि हाताने धावदोरा घालायचा असेल तर बोटं दुखून येतात.

कापडात कृत्रिम धागा आहे का हे मुठीत दाबून कळतं: शुद्ध सुतीला लगेच चुण्या पडतात. तरी शंका राहिली तर चार-पाच धागे काढून चिमट्यात धरून जाळा, खाली ताटली ठेवा. सुती धागा कागदासारखा जळून मऊ करडी राख होते. पॉलिस्टर वितळून कडक मणी बनतो.

लाल, गडद निळा, काळा हे रंग धुतल्याशिवाय पांढऱ्याशेजारी शिवूच नयेत. वाटीत गरम पाणी घेऊन त्यात कापडाचा तुकडा आणि पांढरी चिंधी अर्धा तास एकत्र ठेवा. चिंधी रंगली तर कापड पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं. मीठ किंवा व्हिनेगर घालून तयार सुती कापडाचा रंग पक्का होतो ही समजूत चुकीची आहे. शिवून झाल्यावर रंग उतरलाच, तर गोधडी वाळू देऊ नका आणि इस्त्री तर मुळीच नको. भरपूर गरम पाण्यात डिटर्जंट घालून बराच वेळ बुडवून ठेवणं हाच उपाय, आणि तोही लवकर केला तरच.

सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटतं, फ्लॅनेल त्याहून जास्त. आधी सगळंच धुवा किंवा काहीच धुऊ नका. धुतलेलं आणि न धुतलेलं एकत्र शिवलं की एक चौकोन फुगतो, शेजारचा ओढला जातो. धाग्याची दिशाही बघावी लागते: किनारीला समांतर उभा ताणा जवळजवळ ताणत नाही, आडवा बाणा थोडा ताणतो, उरेब म्हणजे तिरपं कापड रबरासारखं. गोधडीची बाहेरची चौकट उभ्या धाग्यावरच कापावी, नाहीतर कडा लाटांसारख्या होतात.

पहिली गोधडी करणाऱ्याला सोयीचा हिशेब देते. पाच इंचाचे चौकोन, आडवे ८ आणि उभे ११. ४४ इंची कापड धुऊन किनार काढल्यावर ४१-४२ इंच उरतं, त्यात पाच इंच रुंद पट्टीतून बरोबर आठ चौकोन निघतात. म्हणजे ११ पट्ट्या, ५५ इंच, आटण्यासकट दीड मीटर. तयार माप ३६ × ४९.५ इंच. आठच चौकोन घेण्याचं कारण अस्तर आहे: चारी बाजूंनी दोन इंच जादा सोडूनही ते एका पन्ह्यात, जोड न देता बसतं. नऊ चौकोन घेतले की अस्तराला जोड द्यावाच लागतो. अस्तरालाही दीड मीटरच धरा, भरणही त्याच मापाचं.

पाव इंचाची माया चुकली की हे सगळं गणित कोसळतं. माया अर्धा सूत जास्त गेली तर प्रत्येक जोडावर एक सूत जातं, कारण दोन्ही तुकड्यांतून कमी होतं. आडव्या आठ चौकोनांत सात जोड, म्हणजे ओळ पाऊण इंचाहून जास्त आखूड, आणि एखादी ओळ बरोबर मापाची शिवली गेली असेल तर दोन्ही जुळणारच नाहीत. तपासायला दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी शिवून दाबा. मधली बरोबर एक इंच दिसली पाहिजे. जास्त बारीक आली तर टीप केसभर उजवीकडे घ्या, कारण घडीतही थोडं कापड जातं. पाव इंची खास फूट घ्यायची घाई नको. पट्टीची पाव इंचाची रेष सुईखाली धरून सुई हाताने अलगद टेकवा आणि पट्टीच्या उजव्या कडेला मशीनवर जाड टेप लावा. तेवढं पुरतं. टाका २ ते २.५, सुई ८०/१२.

इस्त्री सरकवायची नाही, उचलून ठेवायची. सरकवली की उरेब कडा वाढतात. माया गडद कापडाकडे वळवावी, आणि शेजारच्या ओळींत उलटसुलट दिशेने, म्हणजे जोडाचे कोपरे एकमेकांत अडकून जुळतात.

वॉकिंग फूटला वरून स्वतःचे दात असतात, त्यामुळे वरचा थर खालच्याबरोबरच पुढे जातो. साध्या फूटने वरचं कापड पुढे ढकललं जाऊन ओळीच्या शेवटी चुणी जमते. बसवताना त्याची दांडी सुईच्या स्क्रूवर बसली पाहिजे. खाली राहिली तर फूट नुसता खडखडतो, काम करत नाही. खराब माल म्हणून परत करण्याआधी हे एकदा बघावं. आपल्या मशीनचा शँक (फूट ज्यावर बसतो तो खांब) आखूड आहे की उंच, तेही घेण्याआधीच पाहायचं. वेग मध्यम, टाका ३ ते ३.५, सुई ९०/१४. मधल्या ओळीपासून सुरू करून बाहेरच्या ओळींकडे जा. एक ओळ वर आणि पुढची खाली असं शिवलं की थर तिरपे ओढले जातात, म्हणून सगळ्या ओळी एकाच दिशेने. गोधडीचं वजन टेबलाखाली लोंबू दिलं तर टाके आखूड पडतात. डावीकडे खुर्ची लावून टेकू द्यावा. रुंद, आडवे सरकणारे नक्षीचे टाके या फूटने करू नयेत.

थर जोडताना अस्तर टेपने जमिनीला चिकटवून ताठ करा, ताणू नका. ताणलेलं अस्तर सोडल्यावर आत ओढतं आणि मागे चुण्या पडतात. वाकड्या सेफ्टी पिना दर वितीला नको, चार बोटांवर हव्यात. पिनांऐवजी चिकटवायच्या स्प्रेने वेळ वाचतो खरा, पण जरा जास्त झाला की सुई चिकट होऊन टाके सुटतात. भरण सुती असेल तर गोधडी अंगाला छान बसते आणि धुतल्यावर हलकी सुरकुतते. पॉलिस्टरचं फुगीर आणि हलकं, आटत नाही. दोन टिपांमधलं अंतर किती चालेल ते भरणाच्या पाकिटावर लिहिलेलं असतं, ते पाळावं. नाहीतर धुण्यात आतलं भरण गोळा होतं.

गोटाला, म्हणजे कडेवरच्या पट्टीला, अडीच इंच रुंद पट्ट्या. या मापाला पाच लागतात, म्हणजे साडेबारा इंच कापड. त्या तिरप्या जोडाने जोडाव्यात; सरळ जोड दिला तर कडेला तिथेच जाड गाठ येते.

सुती भरणाचा कापूस फार झडतो. एक गोधडी झाली की सुईखालची पट्टी काढून दात आणि शटल ब्रशने साफ करावं. फुंकर मारू नये, कापूस आणखी आत जातो.