ड्युअल क्लच की मॅन्युअल? आधी दुरुस्तीचा हिशेब

ड्युअल क्लचची, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गाडी एकदा चालवून पाहिली की मन तिच्यावरच जडतं. एक क्लच १, ३, ५ हे गिअर सांभाळतो, दुसरा २, ४, ६. गाडी तिसऱ्यात पळत असतानाच चौथा लावून तयार असतो. एका क्लचने सोडायचं आणि दुसऱ्याने धरायचं, एवढंच काय ते उरतं. चालवण्याच्या सुखात मॅन्युअल मागे पडतो, यात वाद नाही. पण गाडी आठ-दहा वर्षं ठेवायची असेल, तर कुठला गिअरबॉक्स कसा बिघडतो हे आधी समजून घ्या.

मॅन्युअल सांगून-सवरून बिघडतो. माझ्या गाडीची क्लच प्लेट संपत आली, तेव्हा चौथ्या गिअरमध्ये चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढायचा, आरपीएमचा काटा झपकन वर जायचा आणि गाडी मात्र होती त्याच वेगात. पेडल जवळजवळ पूर्ण वर आल्याशिवाय क्लच धरत नव्हता. तरी गाडी चालत होती, त्यामुळे गॅरेज शोधायला आणि पैशांची सोय करायला वेळ मिळाला. गिअरबॉक्स उतरवायचा, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदलायचं आणि परत चढवायचा. हे काम जमणारा मेकॅनिक बहुतेक ठिकाणी मिळतो. फक्त गाडीला ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाचे झटके शोषणारं दोन भागांचं जड चाक) असेल आणि तोही गेला असेल, तर बिल एकदम फुगतं. बऱ्याच डिझेल गाड्यांना तो असतो, म्हणून मॅन्युअल म्हणजे स्वस्तच असं डोळे झाकून धरू नका.

ड्युअल क्लचमध्ये पहिला प्रश्न कंपनीचा नाही, क्लच कोरडा आहे की तेलात बुडालेला, हा आहे. ओल्या क्लचची उष्णता तेल वाहून नेतं. कोरड्याला हवेशिवाय आधार नाही. रांगेत गाडी इंचाइंचाने सरकते तेव्हा हा क्लच सतत अर्धवट घासत राहतो. तुम्ही पाय ब्रेकवर हलकाच ठेवलेला असतो, तरी हाफ क्लचवर गाडी चालवल्यासारखंच चाललेलं असतं. फोक्सवॅगनने २००३ मध्ये आणलेला सहा गिअरचा डीएसजी (त्यांच्या ड्युअल क्लचचं नाव) ओल्या क्लचचा होता. २००८ चा सात गिअरचा डीक्यू२०० कोरडा, २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी. तक्रारींनी जास्त गाजला तो हा दुसरा. फोर्डच्या फिएस्टा आणि फोकसमधल्या पॉवरशिफ्ट नावाच्या कोरड्या ड्युअल क्लचचं तर प्रकरण कोर्टात गेलं. त्याच्या तक्रारी ज्या पद्धतीने हाताळल्या, त्याबद्दल २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात फोर्डला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला.

क्लच झिजला तर निदान कारण कळतं. मेकॅट्रॉनिकचं तसं नाही. व्हॉल्व्ह, सेन्सर आणि कंट्रोलर एकाच डब्यात असलेला हा भाग गेला, की काल नीट चाललेल्या गाडीत आज गिअरचा दिवा लुकलुकतो आणि सम गिअर किंवा रिव्हर्स पडतच नाही. अनेकदा आतला एखादा छोटा भाग बिघडलेला असतो, पण सर्व्हिस सेंटर पूर्ण युनिटच बदलायला सांगतं. या एका युनिटचा खर्च मॅन्युअलच्या अख्ख्या क्लचकामाच्या वर सहज जातो. क्लच पॅक बदलायलाही खास टूल्स लागतात आणि नंतर स्कॅनर लावून अ‍ॅडाप्टेशन, म्हणजे कंट्रोलरला नव्या क्लचशी जुळवून घेणं, करावं लागतं. ते नीट झालं नाही, तर नवा क्लचही झटके देतो.

म्हणून माझं मत असं: गाडी वॉरंटीच्या आत विकणार असाल किंवा वाढीव वॉरंटीत गिअरबॉक्स लेखी येत असेल, तर ड्युअल क्लच खुशाल घ्या. मोकळ्या रस्त्यावर जास्त चालवणार असाल तर आणखी चांगलं. वॉरंटी संपल्यावरही वर्षानुवर्षं ठेवायची आणि रोज कोंडीतून जायचं असेल, तर मॅन्युअल घ्या. डावा पाय दुखणारच असेल, तर ओल्या क्लचचा ड्युअल क्लच बघा. कोरडा मी घेणार नाही. घेतलाच, तर चढावर गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरू नका, ब्रेक नीट दाबा. ब्रेक पक्का दाबला की क्लच सुटतो आणि घासणं थांबतं. रांगेतही पुढे थोडी जागा होऊ द्या आणि मग एकदमच पुढे जा.

जुनी ड्युअल क्लच गाडी बघायला जाल तेव्हा गाडी तापेपर्यंत, निदान अर्धा तास चालवा. थंड असताना बरेच दोष लपतात. मग हलक्या चढावर रिव्हर्समध्ये सावकाश मागे घ्या आणि पहिल्यातून दुसऱ्यात जाताना थरथर जाणवते का बघा. ओल्या क्लचच्या सहा गिअरच्या डीएसजीला दर ६०,००० किलोमीटरला तेल बदलायचं असतं. त्याचं बिल मालकाकडे नसेल, तर तेल कधी बदललंच नाही असं धरून किंमत पाडून मागा.