सांगलीत प्लॉट: गुंठेवारीतला घ्यावा की एनए लेआउटमधला?

बेताच्या पैशात घर बांधायचं म्हटलं की सांगलीत फिरून फिरून दोनच पर्याय समोर येतात. महापालिका हद्दीतला गुंठेवारीचा प्लॉट, नाहीतर बुधगाव-कवलापूरच्या बाजूला ऊस मोडून पाडलेला एनए, म्हणजे बिगरशेती, लेआउट. एजंट फरक सांगतो तो दराचा. माझ्या मते दर शेवटी बघावा. आधी पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते बघावं.

गुंठेवारी म्हणजे शेतमालकाने चुना टाकून रानाचे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून विकलेले. एक गुंठा १,०८९ चौरस फुटांचा. तुकडेबंदीमुळे (शेतजमिनीचे फार लहान तुकडे विकायला कायद्याने बंदी) खरेदीखत व्हायची पंचाईत, म्हणून कित्येक व्यवहार नुसत्या स्टॅम्पपेपरवर झाले आणि सातबारा मूळ मालकाच्या नावावरच राहिला. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशा वस्त्या नियमित करायची वाट काढली, २०२१ च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना, प्लॉटना खुली झाली. नियमितीकरणाचा दाखला हातात असेल, तर शाळा, बाजार, नळ जवळ असलेला हा प्लॉट वाईट नाही. ‘दाखला नंतर करून देतो’ म्हणत असेल तर उठून यावं. २०२५ मध्ये तुकडेबंदी सैल झाल्यापासून एजंटांना जोर चढलाय, पण सातबाऱ्यावर नाव लागणं वेगळं आणि बांधकाम परवाना मिळणं वेगळं.

एनए लेआउटचे कागद सरळ. खरेदीखत होतं, मंजूर नकाशा असतो, बँक कर्ज देते. लेआउट मोठा असेल तर १० टक्के खुली जागाही सोडावी लागते (तिथे आज कुणाची म्हैस बांधलीय का, ते जाऊन बघा). अडचण कुंपणापलीकडे असते. शेजारी अजून ऊस आहे. तोडीआधी फड पेटवला की काजळी तुमच्या गॅलरीत. गटार नाही, म्हणून लेआउटचं सांडपाणी शेजारच्या शेतकऱ्याच्या सरीत. मग तो बांध घालतो आणि पावसात पाणी प्लॉटमध्ये तुंबतं. चूक कुणाची म्हणायची? शेत तर आधीपासूनच तिथे होतं. त्याची पाणंद किंवा पाण्याची वाट लेआउटच्या भिंतीने अडवली असेल, तर १९०६ च्या मामलतदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदार ती खुली करायला लावू शकतो. तुमचा प्लॉट त्या भिंतीलगत असेल, तर ते भांडणही तुम्ही विकत घेताय.

आता पाणी. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. २००५ च्या पुराने हरिपूरची हळदीची पेवंसुद्धा (हळद साठवायचे जमिनीतले खड्डे) सोडली नाहीत. नकाशावर पुराच्या दोन रेषा असतात, नदीजवळची निळी आणि तिच्याबाहेरची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाचा विचारच नको. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध असतात. शामरावनगरसारख्या भागात तर नदी पात्रात असतानाही नुसत्या पावसाने चिखल होतो, कारण रान काळं आणि उतार नाही. आणि एनएचा शिक्का पाणी अडवत नाही: ओढा बुजवून पाडलेला लेआउटही कागदावर चोख असू शकतो. जुना गाव नकाशा काढून ओढा कुठून जायचा ते ताडून बघा.

नोकरी सांगलीत-मिरजेत आणि कर्ज नको असेल, तर उंचवट्यावरचा, दाखला असलेला गुंठेवारी प्लॉट मी आधी बघेन. कर्जाशिवाय भागत नसेल तर एनएच, पण लेआउटच्या मधला, कडेचा नव्हे. आणि बघायला जुलैत जा.