तीन धर्मांचे उपास : नास्तिकाने केलेली पारख

देव बाजूला ठेवून फक्त नियम तपासले, तर गोव्यातल्या तीन उपासांत सर्वांत कडक रमजान. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत, म्हणजे इथे साधारण १३ ते १४ तास, पाण्याचा थेंबही नाही. पहिल्या दिवसांत डोकं दुखतं ते बहुधा पाणी आणि चहा एकदम तुटल्याने, म्हणून चहा आधीच्या आठवड्यातच कमी करावा. पण सवलती स्पष्ट आहेत: आजारी, प्रवासी आणि गरोदर बाईला मोकळीक, राहिलेले दिवस नंतर भरून काढता येतात, विसरून घास खाल्ला तरी रोजा मोडत नाही. इतकी माणुसकी लेखी नियमात असणं मला फार मोलाचं वाटतं.

कॅथलिकांचे सक्तीचे उपास वर्षात दोनच, राखेचा बुधवार (ईस्टरआधीच्या उपासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे. वय १८ ते ५९. एक पूर्ण जेवण, शिवाय दोन अल्पाहार, पण दोन्ही मिळून पूर्ण जेवणाएवढे होता कामा नयेत. मांस वर्ज्य, मासे चालतात. त्यामुळे हुमण-भात, म्हणजे माशाची आमटी आणि भात, सुटत नाही.

एकादशी वर्षाला २४, अधिक महिना आल्यास २६. नियम घरोघरी वेगळे, हीच अडचण. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. तुपात परतलेली वाटीभर खिचडी आणि वर तळलेले बटाटे खाल्ले की पोट जड होतं. दाण्याचं कूट वाढवावं, सोबत ताक घ्यावं. श्रावणात मासे सोडणाऱ्यांचं खतखतं (अनेक भाज्यांची मिसळ आमटी) मात्र या तिन्हींतलं सर्वांत चांगलं जेवण.