वरच्या बाजारातलं बिनपाटीचं हॉटेल, पातळभाजी आणि नववी इनिंग

गोव्यात फोंड्याच्या वरच्या बाजारात नाश्त्याचं एक छोटं हॉटेल आहे. दारावर पाटी नाही, त्यामुळे नाव विचारू नका. सहा टेबलं, भिंतीवर टीव्ही, आत काका आणि बाहेर त्यांचा मुलगा. साडेसहाला उघडतं, अकराला बंद होतं, सोमवारी सुट्टी. गेली चार वर्षं मी आठवड्यातून तीन-चार सकाळी तिथे असतो.

आधी खाण्याचं सांगतो. मिक्स मागवा, म्हणजे वाटाण्याच्या पातळभाजीत मधोमध बटाट्याच्या सुक्या भाजीचा ढीग. खोबरं चांगलं लाल होईस्तोवर भाजून वाटलेलं असतं, रस्सा बोटाला धरतो आणि वाटाणा अख्खा राहूनही जिभेवर दाबला की फुटतो. पोई, म्हणजे कोंड्याची गोवन भाकरीसारखी पाव, साडेसातपर्यंतच मिळते, मग साधा पाव. मिरचीभजी घ्याच. बन्स, म्हणजे केळ्याच्या गोडसर पुऱ्या, बरे आहेत. चहात साखर फार, ती कमी घालायला आधीच सांगा.

मात्र मला तिथे ओढून नेतो तो टीव्ही. मी अकरा वर्षं अमेरिकेच्या क्रूझ बोटींवर होतो. खलाशांच्या मेसमध्ये डॉमिनिकन मुलांनी मला बेसबॉल शिकवला, तो गावी परतल्यावरही सुटला नाही. न्यूयॉर्कला रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे सकाळचे सात झालेले असतात, म्हणजे तिकडची नववी इनिंग आणि इकडची पहिली पातळभाजी एकाच वेळेला येतात. मी फोन टीव्हीला जोडून देऊ का म्हणून विचारलं, तेव्हा काका म्हणाले, "लाव रे, भजनं साडेसातनंतर लावू."

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सामना नऊ इनिंगांचा. आपला संघ एक ते तीन धावांनी पुढे असला की नवव्या इनिंगला बहुधा एक खास गोलंदाज येतो, त्याला क्लोजर म्हणतात. त्याने तीन बळी घ्यायचे आणि सामना मिटवायचा, की त्याच्या नावावर 'सेव्ह' लागतो. १९६९ पासून हा सेव्ह अधिकृत आकडेवारीत धरतात. काम पंधरा-वीस चेंडूंचं, पण कधी ते लागोपाठ तीन-तीन दिवस करावं लागतं. बहुतेकांकडे एक-दोनच हुकमी चेंडू असतात. सुरुवातीच्या पिचरने, म्हणजे गोलंदाजाने, पहिल्या इनिंगमध्ये तीन धावा दिल्या तर सावरायला आठ इनिंगा हातात असतात. क्लोजरला तेवढी सवड कधीच मिळत नाही. आपल्या विसाव्या षटकाच्या गोलंदाजाची जी गत, तीच याची, फक्त याला वर्षात साठ-सत्तर वेळा त्यातून जावं लागतं.

४ ऑक्टोबर २०२४ ची सकाळ मी विसरणार नाही. नवरात्राची दुसरी माळ होती. आदल्या रात्री देवळात मखर बघून काका उशिरा घरी गेले होते, डोळे लाल होते, तरी भाजी वेळेवर तयार होती. टीव्हीवर मिलवॉकी विरुद्ध न्यूयॉर्कचे मेट्स, हरेल तो घरी. मिलवॉकी २-० ने पुढे, नववी इनिंग, चेंडू मिलवॉकीचा क्लोजर डेव्हिन विल्यम्सच्या हातात. पाठीच्या दुखापतीमुळे तो अर्धा मोसम बाहेर होता, पण परतल्यापासून त्याला मारणं जवळपास कुणालाच जमलं नव्हतं. त्याचा चेंजअप, म्हणजे वेगवान वाटून हळू येणारा चेंडू, हाताबाहेर पडताना सरळ वाटतो आणि शेवटी कुणीतरी दोरी ओढावी तसा बाजूला आणि खाली जातो.

पहिल्या फलंदाजाला वॉक गेला, म्हणजे चार चेंडू बाहेर (त्यांना 'बॉल' म्हणतात) पडल्याने तो फुकट पहिल्या बेसवर, धावेच्या वाटेवरच्या पहिल्या थांब्यावर, गेला. दुसरा बाद झाला. तिसऱ्याने फटका मारून एक बेस काढला. मग पीट अलोन्सो आला. तीन बॉल, एक स्ट्राइक, म्हणजे आणखी एक बॉल पडला की यालाही वॉक. विल्यम्सने तोच चेंजअप टाकला, ऑफला. अलोन्सोने तो उजव्या बाजूच्या भिंतीपलीकडे घातला. बेसवरचे दोघे आणि तो स्वतः, तीन धावा. ३-२. मुलाच्या हातात माझा चहा होता, तो तसाच उभा राहिला. संपूर्ण मैदान गप्प झालेलं टीव्हीवरही कळत होतं. काका आतून बाहेर आले, म्हणाले, "हा तुझा शेवटचा माणूस पडला की रे!" मेट्सने आणखी एक धाव काढली, सामना ४-२. मिलवॉकीचा मोसम त्यांच्याच मैदानावर संपला.

मग काकांनी विचारलं, "आता ह्याला परत देतील काय चेंडू?"

माझ्या मते क्लोजरच्या बाबतीत विचारायचा खरा प्रश्न हाच. मी त्यांना ब्रॅड लिजची गोष्ट सांगितली. २००५ च्या बाद फेरीत ह्यूस्टन अंतिम फेरीपासून एका बळीवर होतं, आणि अल्बर्ट पुहोल्सने लिजला असा होमरन (भिंतीपलीकडचा फटका) मारला की सामना हातचा गेला. ह्यूस्टनने पुढचा सामना जिंकला आणि अंतिम फेरी गाठली, पण लिजची पुढची दोन वर्षं डळमळीत गेली. मग तो फिलाडेल्फियाला गेला. २००८ मध्ये ४१ पैकी ४१ सेव्ह, बाद फेरीत ७ पैकी ७, आणि वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम फेरीचा, शेवटचा बळीही त्याचाच. पुढच्याच वर्षी ११ सेव्ह हुकले, त्याच्या नावावर एकही विजय नाही, आठ पराभव. तरी मॅनेजर चार्ली मॅन्युएल यांनी बाद फेरीत त्याच्या हाती पुन्हा चेंडू दिला. हात तोच, माणूस तोच. हे काम असंच आहे, आणि ते ज्याला कळतं तोच मॅनेजर चांगला.

आपल्याकडे चेतन शर्माचं उदाहरण आहे. शारजात १९८६ ला मियाँदादचा तो शेवटच्या चेंडूवरचा षटकार सगळ्यांना पाठ आहे. पण पुढच्याच वर्षी नागपूरला वर्ल्ड कपमधली पहिली हॅटट्रिक त्यानेच घेतली, हे किती जणांना आठवतं? त्याला चेंडू मिळत राहिला म्हणून ती झाली.

मला हे इतकं लागतं त्याला कारण आहे. बावीस वर्षांचा असताना मी आमच्या टेनिस बॉलच्या टीमचं शेवटचं षटक टाकायचो. सत्तरीतल्या एका गावात उपांत्य सामना होता, शेवटच्या षटकात आठ हवे होते. चार यॉर्कर बरोबर पडले, दोनच धावा गेल्या. पाचव्याला चेंडू दवाने ओला झालेला, तो हातातून निसटला, फुलटॉस झाला आणि माडांत गेला. कोणी मला एक शब्द बोललं नाही. फक्त पुढच्या तीन स्पर्धांत शेवटचं षटक आलं की कप्तान दुसरीकडे बघायचा. चौथ्या स्पर्धेला मी गेलोच नाही. कोणीतरी शिवी दिली असती आणि परत चेंडू दिला असता, तर मी अजून खेळत असतो असं मला आजही वाटतं.

आता तक्रार. कॅलिफोर्नियातले सामने आपल्या पावणेआठच्या सुमारास सुरू होतात, त्यांची नववी इनिंग दहाच्या पुढे जाते. त्या वेळेला इथली पातळभाजी बिघडते. मुलगा कॉलेजला गेलेला असतो, काका एकटे, गिऱ्हाईक चालूच, मग टोपात गरम पाणी पडतं. वर पाणी, तळाला वाटाणे, पाव कडक. मी दोनदा गप्प खाल्लं. तिसऱ्यांदा आत जाऊन सांगितलं, कारण सातच्या भाजीची चव मला माहीत आहे. बाजूच्या टेबलावरचे एक गृहस्थ म्हणाले, "दहानंतर यायचंच नाही इथे." मला ते पटलं नाही. काकांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "खोबरं कमी लागलं की पाणी जास्त?" मी म्हटलं, "पाणी, काका."

मागच्या शनिवारी मुद्दाम दहा वीसला गेलो. आत दुसरा, लहान टोप चुलीवर होता. काकांनी झाकण काढलं, पळीने तळापासून ढवळलं आणि मिक्स आणून समोर ठेवलं. रस्सा बोटाला धरत होता. मिक्स, दोन पाव आणि चहा मिळून ७० रुपये झाले.