पाणी तपासायला आला आणि बॅच बुडवून गेला

सध्या सातारा जिल्ह्यातल्या फलटण, लोणंद, खंडाळा भागात पोल्ट्रीच्या शेडवर ‘पाणी फुकट तपासून देतो’ म्हणत माणसं फिरतायत. जवळ पेनासारखा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) आणि सळयांचं, विजेवर चालणारं एक यंत्र. मागच्या उन्हाळ्यात अशाच एकानं आमच्याकडून ३८,००० रुपये नेले. पैशांपेक्षा मोठं नुकसान बॅचचं झालं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आमचं शेड कंत्राटी पद्धतीचं. पिल्लं, खाद्य, औषधं कंपनीची; शेड, खाली अंथरायचं तूस, वीज, पाणी आणि राबणं आमचं. तिसऱ्या आठवड्यात पक्ष्यांची विष्ठा पातळ झाली, तूस ओलं राहायला लागलं, वजन मागं पडलं. नेमका तेव्हाच हा आला. एका ग्लासात आमच्या बोअरचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं, ‘आमच्या यंत्रातून गेलेलं’. दोन्हींत सळया सोडून प्लग लावला. बघता बघता बोअरच्या पाण्यात तांबूस-हिरवा गाळ आला, वर मळकट फेस. दुसरा ग्लास होता तसाच.

आई म्हणाली, “अगं बाई, हे पाजतोय आपण पाखरांना?”

“काकू, हाच गाळ त्यांच्या लिव्हरमध्ये साठतो,” तो म्हणाला.

तो गाळ पाण्यातला नव्हताच. सळई लोखंडाची असते. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि त्याचा गंज गाळासारखा दिसतो. त्याच्या बाटलीतल्यासारख्या आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, म्हणून वीज वाहत नाही आणि ग्लास स्वच्छ राहतो. माझ्या भाचीनं नंतर दोन खिळे आणि ९ व्होल्टची बॅटरी घेऊन हे घरीच करून दाखवलं. आरओच्या पाण्यात काही झालं नाही. त्यात चमचाभर मीठ ढवळलं आणि थोड्याच वेळात तसाच गाळ. हे प्रत्येकानं एकदा करून बघा. मात्र घरातल्या प्लगला खिळे जोडू नका, बॅटरीच वापरा.

त्यानं विकलं ते पाइपला बाहेरून आवळायचं चुंबकाचं यंत्र. बसवल्यावर त्याच्याच मीटरवर आकडा पहिल्याइतकाच. त्यावर उत्तर तयार होतं: “आकडा तोच राहतो, क्षारांची रचना बदलते.” एवढ्यावर थांबला असता तर फक्त पैसे गेले असते. पण जाता जाता त्यानं टाकीतली ब्लीचिंग पावडर बंद करायला लावली. तिच्यातल्या क्लोरीननं यंत्राचा परिणाम मरतो, म्हणे. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. बिनकामाचं यंत्र विकणं वेगळं आणि ते खपवण्यासाठी पक्ष्यांचं एकमेव संरक्षण काढून घेणं वेगळं.

पुढच्या आठवड्यात मरतुक चढत गेली. मेलेले पक्षी शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेले. चिरल्यावर हृदयावर आणि लिव्हरवर पिवळट पापुद्रा होता. डॉक्टरांनी कोलाय (ई. कोलाय जंतूंचा संसर्ग) सांगितला आणि पहिला प्रश्न पाण्याचाच केला. प्रयोगशाळेत निपलच्या (पक्षी चोचीनं दाबून पाणी पितात त्या तोट्यांच्या) लाइनीच्या टोकाचा नमुना दूषित निघाला. बोअरचा तेवढा वाईट नव्हता, म्हणजे घाण टाकीत आणि लाइनीत वाढत होती. औषधं, व्हिटॅमिन, गूळ त्याच पाण्यातून दिलं की पाइपच्या आत बुळबुळीत थर बसतो आणि जंतू त्यात मुक्काम करतात. टीडीएस मीटरला फक्त विरघळलेले क्षार कळतात, जंतू कळत नाहीत. आकडा १५० असलेलं पाणीही पक्षी मारू शकतं.

क्षारांचंही डॉक्टरांनी समजावलं. १,००० पर्यंतचा टीडीएस चांगला मानतात. ३,००० पर्यंत विष्ठा पातळ होऊ शकते, एरवी सहसा मोठा त्रास नसतो. शिवाय पक्षी किलोभर खाद्यामागं साधारण दोन लिटर पाणी पितो आणि उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त. आमचं तूस ओलं व्हायला ऊनही कारण होतं. म्हणजे ज्या आकड्याची भीती घातली तो आजार नव्हताच.

आता बॅच निघाली की टाकी घासतो, हायड्रोजन पेरॉक्साइड लाइनीत भरून ठेवतो आणि नंतर जोरात फ्लश करतो. क्लोरीन टाकीत नाही, शेवटच्या निपलला मोजतो. तिथं २ ते ३ पीपीएम (म्हणजे लिटरमागं २ ते ३ मिलिग्रॅम) मिळायला हवं. पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीपणाचा आकडा) ८ च्या वर असेल तर क्लोरीन असूनही काम कमी करतं, त्यामुळं पीएचही बघावा लागतो. फक्त पाण्यातून लासोटा (मानमोडी रोगाची लस) द्यायची असेल तेव्हा क्लोरीन आधी बंद करायचं आणि लिटरला अडीच ग्रॅम स्किम्ड मिल्क पावडर घालायची, नाहीतर लस पाण्यातच मरते.

तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत होते. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली तिथूनच घ्या, घरची धुतलेली चालत नाही. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. यंत्र विकणाराच पाणी तपासत असेल, तर त्या तपासणीला काडीची किंमत देऊ नका.

त्या माणसाचा फोन आता बंद आहे. पावतीवर ना जीएसटी नंबर, ना पत्ता. पण पैसे यूपीआयनं गेले होते, तेवढा धागा हातात आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केला आणि साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार देतोय. ‘धंद्यासाठी घेतलं, म्हणजे तुम्ही ग्राहक नाही’ असं कोणी सांगेल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात केवळ पोटापाण्याच्या स्वयंरोजगारासाठी घेतलेल्या वस्तूला सूट आहे, ती दाखवा. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. ज्यांच्या पाइपवर असं यंत्र बसलंय त्यांनी पावती, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आणि मरतुकीची रोजची नोंद जपून ठेवा. ब्लीचिंग पावडर बंद केली असेल तर आजच्या आज पुन्हा सुरू करा.